बिऱ्हाड कुणाच्या पाठीवर?

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. ज्याचा संसार आज इथे तर उद्या तिथे, त्याच्याविषयी हे म्हणावयाचे. विंचवाचे ठीक आहे. त्याला दुसऱ्या कुणाची पाठ लागत नाही. माणसाचे तसे नाही. माणसाने घर बदलायचे ठरविले की पाट्यावरवंट्यापासून देवांच्या संपुष्टापर्यंत सगळे कुणीतरी उचलावे लागते; आणि ज्याचे बिऱ्हाड त्याचीच पाठ, ही गोष्ट खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत तरी फार क्वचित घडली. मग ती पाठ कुणाची होती? तिला मोल मिळत होते का? मिळू लागले ते केव्हापासून? इतिहासाच्या परीक्षेत हे प्रश्न कधी येत नाहीत. आम्ही शिकविणारी मंडळीही ते विचारीत नाही. आमच्या पुस्तकांत राजधान्या हलतात, छावण्या हलतात, कचेऱ्या हलतात. त्या आपल्या पायांनी चालत जातात की काय, कोण जाणे!

एकच उदाहरण घ्या. शिवाजी महाराजांची राजधानी राजगडावरून रायगडावर गेली आणि १६७४ साली तिथे राज्याभिषेक झाला, हे शाळेतले मूलही सांगेल. आता दोन्ही गड डोळ्यांपुढे आणा. एक घाटमाथ्याच्या बाजूला, दुसरा घाटाखाली कोकणात. मध्ये सह्याद्रीची धार. राजगड उतरायचा, डोंगरवाटेने घाट उतरायचा आणि पुन्हा रायगड चढायचा. राजधानी गेली म्हणजे दफ्तर गेले, खजिना गेला, मुदपाकखाना गेला, कारकुनांचे आणि कारखानदारांचे संसार गेले. पोराबाळांचे पाळणे गेले, म्हाताऱ्यांच्या वळकट्या गेल्या, धान्याच्या गोणी गेल्या. या वाटांवर चाक चालत नाही. तेव्हा हे सगळे एक तर बैलाच्या आणि तट्टाच्या पाठीवर गेले असणार, नाहीतर माणसाच्या डोक्यावर. बैलांची नावे राहिली नाहीत याचे मला नवल नाही.

हे चाकाचे प्रकरण जरा नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या घरांची घडणसुद्धा त्यावर अवलंबून होती. देशावरच्या सपाटीला बैलगाडी जुनीच. पण सह्याद्रीचा घाट आला की गाडी संपली. तिथून पुढे पाठाळाचे बैल. लमाणांचे तांडे मीठ खालून वर आणीत आणि धान्य वरून खाली नेत. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा भेटला, त्यात चौदा हजार बैल होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे लोक बायकामुलांसह, सगळा संसार बरोबर घेऊन फिरत, हेही त्याने पाहिले. म्हणजे खऱ्या अर्थाने ज्यांचे बिऱ्हाड पाठीवर होते असे लोक हेच. मात्र पाठ बैलाची. पुढे १८०३च्या मराठे-इंग्रज युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेचा दाणागोटा वाहण्यासाठी याच लमाणांची मनधरणी करावी लागली. तोफा ओढायला बैल मिळत होते हो, पण तोफा ओढणाऱ्यांनी खायचे काय, हा प्रश्न लमाणाशिवाय सुटत नव्हता.

बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला तो १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना. त्याच्या आधी पुण्याहून मुंबईला बिऱ्हाड हलवायचे म्हणजे घाटात प्रत्येक वस्तूची पाठीमागे पाठ करून ती उतरवायची. रेल्वे आली तरी हा घाट काही काळ अडूनच बसला होता. पुणे ते खंडाळा गाडी १८५८ साली सुरू झाली, खालच्या बाजूला खोपोलीपर्यंत रूळ आलेले होते, पण मधला घाट रेल्वेने बांधून होईतो १८६३ साल उजाडले. त्या पाच वर्षांत काय होत होते? मुंबईचा प्रवासी खोपोलीला आगगाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर नाहीतर गाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. विलायतेहून आलेले वाफेचे इंजिन खाली फुरफुरत उभे, वर दुसरे फुरफुरत उभे, आणि या दोघांच्या मध्ये भोयांचे खांदे. मला हे चित्र त्या शतकातले फार बोलके चित्र वाटते.

आता घरात या. एखाद्या जुन्या वाड्यात तुम्ही गेलात तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. लाकडाची सुटी कपाटे जवळजवळ नाहीत. जे आहे ते भिंतीत: कोनाडे, फडताळे, देवळ्या, बळद. सुटे सामान म्हणजे तांब्यापितळेची भांडी, एकात एक बसणारी; पेटी, पाट, वळकटी. झोपाळा आहे, पण त्याच्या कड्या काढल्या की उरते ती एक फळी. आमचे वाडवडील साधे राहत म्हणून सामान कमी, असे आपण म्हणतो. साधेपणा असेल, पण ज्या मुलुखात कोणतीही वस्तू शेवटी डोक्यावरून न्यावी लागते त्या मुलुखात माणूस चार माणसांना न उचलणारे कपाट करवून घेत नाही, हेही एक कारण असले पाहिजे. जड ते घराला बांधून टाकायचे आणि हलके ते बरोबर न्यायचे. अर्थात हा माझा तर्क आहे. पण पुढच्या वेळी जुना वाडा पाहाल तेव्हा ताडून पहा.

बिऱ्हाड हलविण्याचे आपले शास्त्रही ठरलेले होते. नव्या घरात आधी देव जायचे, पाण्याने भरलेली कळशी जायची, मीठ आणि मूठभर धान्य जायचे. हे मात्र घरच्याच माणसाने न्यायचे. चूल पेटली, देवापुढे दिवा लागला, की मग बाकीचे सामान. कळशी घेऊन जाणारी सून मिरवत जाई. तिच्यामागून जे पाटे, उखळ आणि तांब्याचे बंब घेऊन येत त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नसे.

तेव्हा आता त्यांच्याकडे वळू.

मराठी भाषेने एक शब्द फार जपून ठेवला आहे: वेठ. आपण म्हणतो, त्याने सगळ्या घराला वेठीस धरले. म्हणताना आपल्या मनात काही ऐतिहासिक येत नाही. पण वेठीस धरणे ही एके काळी अगदी रोजची, अगदी शब्दशः घडणारी गोष्ट होती. सरकारी अंमलदार गावावरून जायचा. त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत पोचते करणे हे गावाचे काम. पाटलाने निरोप द्यायचा, माणसे धरून आणायची, त्यांच्या डोक्यावर ओझे द्यायचे. ती माणसे गावच्या शिवेपर्यंत नेत. शिवेवर पुढच्या गावची माणसे उभी असत, ती उचलून त्यांच्या शिवेपर्यंत नेत. असे शिवेशिवेने अंमलदाराचे बिऱ्हाड चाले. मजुरी नाही. दुपारची भाकरही ज्याची त्याने आणायची. जुन्या इनामाच्या सनदा पाहिल्या तर त्यांत करांच्या आणि पट्ट्यांच्या यादीत वेठबेगार हा शब्द येतो. म्हणजे माणसाचे अंग ही सरकारला देण्याची एक बाब होती, जशी तेलाची, तुपाची किंवा गवताची बाब असते. मेहेरबानी म्हणून एखाद्याला त्यातून सूट मिळे. त्याचे ओझे मग दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाई.

या शब्दाबरोबरच दुसरा शब्द बघा: बिगारी. बिगार म्हणजे फुकट करवून घेतलेले काम, आणि ते करणारा तो बिगारी. आज मात्र इमारतीच्या कामावर तुम्ही बिगारी लावता आणि संध्याकाळी त्याला रोज मोजून देता. ज्या शब्दाचा अर्थच बिनपैशाचा मजूर असा होता तो आज पैसे घेणाऱ्या मजुराचे नाव झाला आहे. शब्दाने आपला अर्थ असा अंगाबाहेर टाकावा, यामागे दीडशे वर्षांची झटापट आहे. ती थोडक्यात सांगतो.

वेठीचा भार सगळ्या गावावर सारखा कधीच नव्हता. तो उतरत उतरत तळाशी जाई, आणि गावगाड्याच्या तळाशी महार होता. गावाच्या वतनदारीत महाराला थोडीशी इनाम जमीन आणि बलुते असे. त्याच्या मोबदल्यात करावयाच्या कामांची यादी मात्र संपत नसे. शिवेचा तंटा निघाला की साक्ष द्यायची, वसुलाचा भरणा ठाण्यात पोचवायचा, सांगावे न्यायचे, मेलेली गुरे ओढायची, आणि आलेल्या साहेबाचे, मामलेदाराचे, अव्वल कारकुनाचे ओझे वाहायचे. इंग्रजी राज्यात हे थांबले असे कुणी समजू नये. उलट १८७४ सालच्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्याने या सेवेला कायद्याची चौकट मिळाली. हिवाळ्यात कलेक्टरसाहेबांची फिरती निघे, तंबू, खाटा, खुर्च्या, कागदांच्या पेट्या. आणि त्या फिरतीच्या वाटेवर ज्यांची घरे असत त्यांना ती कशी वाटत असेल ती असो.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. त्यांचा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे. त्यांनी नुसते असे म्हटले नाही की मजुरी कमी आहे. त्यांनी असे दाखवून दिले की या नोकरीला वेळ नाही, काळ नाही आणि हद्द नाही. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणाला बोलावता येते. म्हणजे एक माणूस नव्हे, सगळे घरच नोकर. दिवसाचे चोवीस तास हे घर दुसऱ्याच्या हाकेवर. आणि मोबदला काय, तर वाटण्या होत होत तुकडे पडलेली जमीन. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र त्याच्या दहा वर्षे आधी, १९१८ साली, आपल्या संस्थानातली महार वतने मोडून काढली होती. बाकीच्या मुलुखाला वाट पाहावी लागली. १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि तिच्या तेविसाव्या कलमात बिगारीला बंदी झाली. त्या इंग्रजी मजकुरात बेगार हा आपला शब्द तसाच घातलेला आहे, कारण त्या गोष्टीला इंग्रजीत नेमका शब्द नव्हता. पुढे मुंबई राज्याच्या १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली.

आणि याच कलमावर १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एक निर्णय दिला, तो वाचनात आला तेव्हापासून माझ्या मनातून गेला नाही. दिल्लीला आशियाई खेळ भरायचे होते, त्यासाठी बांधकामे चालली होती आणि मजुरांना कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पैसे हातात पडत होते. न्यायालयाने म्हटले की माणूस किमान वेतनाहून कमी पैशात राबतो तो खुशीने राबत नाही, पोटाच्या सक्तीने राबतो. तेव्हा तीही सक्तीची मजुरीच होय. म्हणजे दंडुका घेऊन पाटील मागे उभा असला पाहिजे असे नाही. भूक उभी असली तरी ती वेठच.

शहरात ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मुंबईच्या धक्क्यावर, बाजारात, पुण्याच्या भुसार आळीत ओझी वाहणारे लोक आले ते बहुतेक साताऱ्याकडचे, सांगलीकडचे, जुन्नर-आंबेगावकडचे. डोक्यावर चुंबळ, हातात आकडा, खांद्यावर पंचा. त्यांना वतन नव्हते आणि नोकरीही नव्हती. माल आला तर काम, नाहीतर पेढीच्या ओट्यावर बसून राहायचे. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. माथ्यावर वाहतो तो माथाडी. या कायद्यातली युक्ती मोठी सोपी होती. हमालाचा मालक एक नसतो, रोज वेगळा असतो. म्हणून मधे एक मंडळ नेमायचे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरचा ठराविक आकार मंडळात भरायचा आणि मंडळाने मजुरी, रजा, भविष्यनिर्वाह निधी यांची तजवीज पाहायची. जगात ओझे वाहणाऱ्याला वृद्धपण येते ही गोष्ट कायद्याने प्रथम मान्य केली असे म्हणण्याचा मोह होतो. पण जगाचे मला ठाऊक नाही, आपल्याकडे तरी ती उशिराच मान्य झाली.

चांगल्या गोष्टीची विटंबना करणारे लोकही असतातच. मोठ्या शहरांत नवे बिऱ्हाड उतरवताना काही उपटसुंभ माथाडीचे नाव सांगून येतात आणि न उचललेल्या ओझ्याचे पैसे मागतात. खऱ्या माथाड्याशी त्यांचा संबंध नसतो. पण उलटी वेठ म्हणायची ती हीच: पूर्वी काम घेऊन पैसे देत नव्हते, आता काम न करता पैसे घेतात. दोहोंतही मधला सौदा तेवढा नाहीसा होतो.

सौदा हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याला हमालाशी घासाघीस करण्याचा कंटाळा येतो. तो जास्त सांगतो, आपण कमी सांगतो, शेवटी मधे कुठेतरी जमते आणि दोघेही थोडे कुरकुरतात. पण ज्याला नाही म्हणता येत नव्हते त्याच्याशी कुणी घासाघीस केली नव्हती. मामलेदाराच्या पेट्यांचा भाव कुणी विचारला नव्हता. या दृष्टीने पाहिले तर रस्त्याच्या कडेला उभा राहून, तुमच्या ट्रंकेकडे बघून, ‘एवढ्याला नाही जमायचं’ म्हणणारा माणूस ही आपल्या समाजात अलीकडेच जन्माला आलेली व्यक्ती आहे.

हा माणूस आजही जिथे टाळता येत नाही असे एक लहानसे गाव मला ठाऊक आहे, आणि ते मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. माथेरान. आपण त्याला थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखतो, पण नीट पाहिले तर ते एक छोटे ऐतिहासिक गाव आहे; २०११च्या जनगणनेत तिथली वस्ती साडेचार हजारांच्या आतच होती. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढला आणि त्याला जागा आवडली, तेव्हापासून त्याची साहेबी कहाणी सुरू होते. ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगराला त्याच्या आधीपासून ओळखत होते, हे काय सांगायला हवे? मग साहेबांचे बंगले झाले, पारशी आणि बोहरी शेटजींचे झाले. नेरळहून वर येणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली, ती आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशाने. त्याच्या आधीच्या ज्या ज्या बंगल्यात लांब हातांची आरामखुर्ची, शिसवी टेबल किंवा भिंतीएवढा आरसा आहे, तो तट्टाच्या पाठीवरून नाहीतर माणसांच्या खांद्यांवरूनच वर गेला असणार. आरसा तट्टावर घालीत नाहीत, तेव्हा तो माणसांनीच नेला.

माथेरानात मोटार चालत नाही. दस्तुरीच्या नाक्यावर तुमची गाडी थांबते. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पुढे इंजिनाला वाट नाही. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, तांबड्या मातीच्या वाटेने, झाडांच्या मुळांवरून. गावातला सिमेंटचा प्रत्येक गोळा, प्रत्येक वीट, गॅसची टाकी, भाजीची टोपली या वाटेने घोड्यावरून, हातगाडीवरून नाहीतर डोक्यावरून येते. थोडे फार छोट्या गाडीने येते. म्हणजे सह्याद्रीतल्या सगळ्या गावांची जी गत १८३०च्या आधी होती ती इथे कायद्याने राखून ठेवलेली आहे. हवा चांगली राहते हे खरे. पण त्या चांगल्या हवेत घाम गाळणारा कोण, हेही खरे.

समजा, अशा गावात तुम्ही एखादे जुने घर घेतले आणि बिऱ्हाड न्यायचे आहे. मुंबईहून सामान बांधून देणारी मंडळी ट्रक घेऊन येतील, दस्तुरीपर्यंत आणतील आणि हात झटकतील. काही हुशार लोक आपलेच मजूर शहरातून घेऊन येतात. परका मजूर स्वस्त पडेल असा हिशेब असतो. हा हिशेब पहिल्या वळणावर चुकतो. शेवाळलेल्या दगडावर पाय कसा टाकायचा, कुठल्या उतारावर मागच्याने थोपवून धरायचे, कोणत्या झाडाशी ओझे टेकायला पुरुषभर उंचीचा कट्टा आहे, हे त्या वाटेवर रोज चालणाऱ्यालाच कळते. ओझे टेकणे ही लहान गोष्ट नाही. डोक्यावरचे कपाट एकदा जमिनीवर उतरवले की पुन्हा चढवायला दुप्पट माणसे लागतात. म्हणून स्थानिक माणसाला तुम्ही पैसे देता ते फक्त त्याच्या मानेचे देत नाही, त्याच्या पायांना जी वाट पाठ आहे तिचेही देता.

आधी एकदा नुसते जाऊन या. घराचा दरवाजा मोजा. जुन्या घरांचे दरवाजे बुटके असतात. आपले सामान किती नग आहे, त्यात घोड्यावर जाण्यासारखे काय आणि माणसांनीच नेण्यासारखे काय, हे जो नेणार आहे त्याच्याकडूनच ऐका. पोती, गोणी, बांधलेली खोकी घोडा नेतो. गोदरेजचे कपाट, आरसा, शिवणयंत्र, देव्हारा हे माणसांचे काम. भाव खेपेवर ठरवायचा की नगावर, पडशीतले किरकोळ सामान कशात धरायचे, वाटेत पाऊस आला तर कुठे थांबायचे, हे सगळे आधी बोलून घ्यावे. पावसाळा शक्यतो टाळा. तिथला पाऊस आपल्या ओळखीचा पाऊस नव्हे. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ओझ्याचे वजन लपवू नका. पुस्तकांची पेटी कपड्यांची म्हणून सांगणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. दिसायला लहान, उचलायला मरण. आम्हा मास्तर मंडळींचा संसार म्हणजे अशा पेट्याच असतात, त्यामुळे हा उपदेश घरच्या अनुभवाचा समजा.

याच माथेरानच्या वाटेवर माणूस माणसाला ओढीत असे, ही गोष्ट मात्र सामानाच्या गोष्टीहून निराळी आहे आणि ती निराळीच ठेवली पाहिजे. हातरिक्षात एक गृहस्थ बसायचे आणि तिघेजण पुढेमागे लागून ती ओढायची-ढकलायची. हे थांबावे म्हणून त्या ओढणाऱ्यांनीच वर्षानुवर्षे दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली विजेच्या रिक्षा करून पाहायला परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद करा, ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा देऊन त्यांचे पोट सांभाळा आणि पैसा नाही ही सबब सांगू नका. स्वातंत्र्य येऊन अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली तरी हे चालू आहे याचा खेद निकालात व्यक्त झाला आहे.

काही लोकांनी तेव्हा विचारले, मग डोक्यावरून ट्रंक नेणे तरी का चालते? माणसाच्या मानेवर पडणारा भार दोन्हीकडे सारखाच नाही का? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की ट्रंकेला पाय नसतात. ज्याला पाय आहेत त्याने दुसऱ्याच्या अंगावर बसून जाण्यात जो अपमान आहे तो ट्रंक उचलण्यात नाही. तिथे कष्ट आहेत. कष्टाला दाम मिळू शकते, वजनाची मर्यादा घालता येते, हातगाडी मिळू शकते, म्हातारपणाची सोय होऊ शकते. शंभर किलोचे पोते पन्नासावर यावे म्हणून बाजारातल्या हमालांना किती झगडावे लागले! आपल्या घरच्या सामानाला मात्र असा नियम कुणी लावीत नाही. चौघांचे कपाट दोघांकडून नेववून दोघांची मजुरी वाचविली म्हणून आपण घरी येऊन शाबासकी घेतो. तेविसावे कलम आपल्या दारातल्या व्यवहारालाही लागू आहे हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात नसते.

उद्या कदाचित विजेची गाडी सामानही नेईल. नेवो, चांगलेच आहे. पण जुन्या गावातली घरे रस्त्यावर नसतात. रस्ता संपला की दहावीस पायऱ्या असतात, फरसबंदीची बोळ असते, मग अंगण, मग ओटा आणि मग तो बुटका दरवाजा. तेवढ्या वाटेला कुणीतरी मान पुढे करावीच लागणार. तो आत येईल, ट्रंक हळूच खाली ठेवील, डोक्यावरची चुंबळ काढून झटकील आणि घाम पुसत ठरलेला आकडा सांगेल. त्याला आधी पाणी विचारा, आणि सुटे पैसे जवळ असू द्या.